पहारेकरी गाठीचा शोध

"सगळ्याच गाठी काढून टाकल्या तर? डॉक्टर दोनच का शोधणार आहेत?" ओवीने विचारलं, आणि आबा लगेच तिचा हात धरून प्रयोगशाळेत गेले. शर्वाणी दारातच उभी राहिली.

आबा म्हणजे शर्वाणीचे आजोबा, रंगद्रव्यांचे शास्त्रज्ञ. बारा वर्षं ते तिचे एकटीचे होते. पण केतकीआत्याला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झाला आणि तिची मुलगी ओवी मिरजेला राहायला आली. तेव्हापासून आबांच्या शेजारची जागा ओवीची. शर्वाणीचा नुसता जळफळाट व्हायचा. आत्या आजारी असताना असं वाटतं याची तिला लाज वाटे, पण जळफळाट काही थांबत नसे.

आत्याच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी आबा आत, शस्त्रक्रिया करणाऱ्या यंत्रमानवाच्या कॅमेऱ्यापाशी होते. दोघी बहिणी नातेवाइकांच्या खोलीत पडद्यासमोर बसल्या होत्या. पडद्यावर फक्त काळोख.

"ताई, आता काय होणार गं?"

"मला काय विचारतेस? तुला तर आबांनी आठवडाभर शिकवलंय!"

ओवीचा चेहरा पडला. "मला काहीच नाही कळलं. आबा बोलायला लागले की मला आईच दिसायची. मी नुसती मान हलवत होते."

त्या हलणाऱ्या मानेवरच तर शर्वाणी इतके दिवस जळत होती! ती खुर्ची ओढून जवळ सरकली.

"ऐक. आपल्या अंगात लसिका (पेशींभोवती झिरपणारा पाण्यासारखा द्रव) वाहते. तिच्या वाटेवर लसिकागाठी (द्रव गाळणारे, घेवड्याच्या दाण्यासारखे छोटे अवयव) असतात. कर्करोगाच्या पेशी या वाटेने निसटल्या, तर बहुतेकदा पहिल्याच गाठीत अडकतात. ती पहारेकरी गाठ, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. ती स्वच्छ, तर पुढच्याही बहुधा स्वच्छच."

"तरी सगळ्या काढल्या तर?"

"लसिका तुंबते. पाय कायमचे सुजू शकतात."

"मग पहिली कोणती, हे कसं ओळखायचं?"

"गर्भाशयाच्या तोंडाशी हिरवं रंगद्रव्य टोचतात. ते लसिकेबरोबर वाहत जातं. त्यावर अवरक्त प्रकाश (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) टाकला की ते चमकतं. ती चमक कॅमेरा टिपतो."

तेवढ्यात पडद्याच्या डावीकडे हिरवा धागा सरकत गेला आणि त्याच्या टोकाला एक ठिपका उजळला. उजवीकडे मात्र काळोखच.

"तिकडे काहीच नाही!" ओवीने तिचा हात घट्ट धरला.

"कधी कधी रंग पुढे सरकत नाही. मग त्या बाजूला पुन्हा टोचतात," शर्वाणी म्हणाली.

बऱ्याच वेळाने उजवीकडेही धागा उमटला. मग ठिपका!

तासाभराने आबा बाहेर आले. "दोन्ही पहारेकरी गाठी काढून तपासल्या. स्वच्छ आहेत!" त्यांनी आधी ओवीला उचलून घेतलं. शर्वाणीला ते टोचलंच.

ओवीने डोळे पुसले. "आबा, फक्त वाईट पेशींनाच चिकटेल असा रंग नाही का? मग चांगली गाठ काढायलाच नको."

"त्यावर काम चाललंय, पण अजून पुरतं जमलेलं नाही," आबा म्हणाले.

हे मला कसं सुचलं नाही! शर्वाणी मनातल्या मनात चरफडली. मग तिने दप्तरातून वही काढली, कोऱ्या पानावर ओवीचं नाव लिहिलं आणि म्हणाली, "तुझा प्रश्न परत सांग. नीट, शब्दन् शब्द सांग."