चेन तुटलेला तंबू

आमच्या वर्गातला तो चष्मेवाला मोजणीदार, त्याला तुम्ही पाहिलंय. गेल्या डिसेंबरात, अकरा तारखेला, तो माळावरची जमीन मोजायला गेला. काम दोन दिवसांचं, म्हणून तंबू घेतला. सोबतीला मेहुणा. बायकोने भावाचे दोन स्वेटर भरून दिले आणि बजावलं, त्याला थंडी बाधते, जपा. ऑफिसची जीप त्यांना सोडून गेली. ती दुसऱ्या दिवशी सकाळीच यायची होती. मोबाईलला रेंज नाही, वस्ती तीन तासांवर.

तंबू जुना. दाराची चेन मधेच तुटलेली. रात्री साडेनऊला वारा सुटला आणि दाराचे पडदे फडाफडा आपटायला लागले. गार वारा थेट अंथरुणात. मोजणीदाराने कपड्यांचे चिमटे लावून पाहिले. उडाले.

मेहुणा म्हणाला, "भावोजी, अख्खा डोंगर मोजता आणि हातभर दार लागत नाही तुमच्याने?"

मग ठरलं. मेहुण्याने बाहेरून खुंट्या ठोकून पडद्यांची टोकं ताणून बांधायची, तोवर याने आतून पडदे धरून ठेवायचे. मेहुणा तसाच गेला, बिनस्वेटरचा. दोन मिनिटांचं तर काम. दोरी कापायला चाकू घेऊन गेला.

चार खुंट्या ठोकल्याचा आवाज आला. मग फडफड थांबली. वारा मात्र तसाच होता.

मेहुणा म्हणाला, थांबा, अजून बांधायचंय. पण याने हात काढला होता, आणि पडदे हलेनात. याने मधली फट चाचपली. फटच नव्हती.

याला वाटलं, मेहुणा मस्करी करतोय. मेहुण्याला वाटलं, भावोजी करतायत. दोघं हसलेसुद्धा.

दहा मिनिटांनी कोणी हसत नव्हतं. तंबूचा तळ भिंतींना जोडलेला, खालून सरपटायला वाट नाही. याने ओढलं, लाथा घातल्या. बाहेरून मेहुण्याने चाकू चालवला. चाकू कापडात शिरेना.

मग चाकूची खरखर थांबली.

"काय रे?"

"भावोजी... नका ना शिवू."

"काय?"

"सुई दिसतेय मला. आतून बाहेर येतेय... परत आत जातेय. थंडी वाजतेय हो. आत घ्या."

मोजणीदाराचे दोन्ही हात कापडावर होते. रिकामे. त्याने टॉर्च फिरवला. तंबूत तो एकटाच.

तो शपथा घेत राहिला. बाहेरचा आवाज बारीक होत गेला.

"ताईला सांगेन हं..."

मग काहीच नाही.

सकाळी सहाला जीप आली. ड्रायव्हरने मागची भिंत कापली. कापड सहज फाटलं. मेहुणा दाराशी बसलेला होता, कपाळ पडद्याला टेकवून.

जगला तो. पण बहिणीच्या घरी पाऊल टाकत नाही. भावोजींनी मला बाहेर ठेवून दार शिवलं, एवढंच म्हणतो. ती नवऱ्याकडे बघत राहते.

आठ दिवसांनी तो तंबू मी पाहिला. दार वरपासून खालपर्यंत शिवलेलं. बारीक, एकसारखे टाके. शेवटची गाठ आतल्या बाजूला. दोऱ्याचं टोक दातांनी तोडलेलं...

हात लावला मी. ओलं होतं.