तो ‘अस्सल’ म्हणाला होता

दुकानाच्या दारातच दोघांची टक्कर झाली आणि तिच्या हातातलं नाणं खाली पडलं. तिच्याआधी तोच वाकला.

"कडेनं धरा हं," नाणं तिच्या तळहातावर ठेवत तो म्हणाला. "मध्ये धरलं की बोटांचे डाग पडतात."

"फारच जाणकार दिसता!"

"नाण्यांचा पारखी आहे… दुकान माझंच आहे." बोटं मात्र तिच्या तळहातावर जरा जास्तच रेंगाळली.

मागून धापा टाकत तिचे बाबा आले. "सतराव्या शतकातलं आहे," खुर्चीत टेकताटेकताच त्यांनी सांगून टाकलं. "पिढ्यान्‌पिढ्या जपलंय आम्ही. काय किंमत येईल?"

त्यानं भिंग डोळ्याला लावलं. नाण्याची कड पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. मग बाबांचा आसुसलेला चेहरा पाहिला.

"अस्सल आहे," तो हळूच म्हणाला. "पण विकू नका."

घरी जाताना बाबा चक्क शीळ घालत होते!

दुसऱ्या दिवशी ती आभार मानायला गेली. मग जायला कारणही लागेनासं झालं. पावसात एकाच छत्रीतून चालताना त्याचा एक खांदा नेहमी भिजलेला असायचा.

"माझी किंमत काय कराल हो?" तिनं एकदा विचारलं.

"दुर्मीळ वस्तूची किंमत पारखी करत नाही… घरी घेऊन जातो."

लग्न ठरलं. लेकीचं थाटात करायचं म्हणून बाबा कोणाला न सांगता नाणं घेऊन लिलाववाल्यांकडे गेले. तिथला माणूस चारचौघांत हसला. "आजोबा, तेव्हाची नाणी ठोकून पाडायचे. हे साच्यात ओतलंय, नक्कल आहे!"

बाबा घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

ती तडक दुकानात गेली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी. बाबांचा चेहरा बघवला नाही गं…"

"मग मला एकटीला सांगायचं!"

"सांगणारच होतो. पण तू येत राहिलीस… आणि सांगितलं तर यायची थांबशील, अशी भीती वाटायला लागली."

"आता नाहीच येणार!"

तो दोनदा घरी आला. तिनं दार उघडलं नाही. राग आहे, ओसरेल, मग बोलू… असं तिला वाटत राहिलं.

हिवाळा सरताना बाबाच म्हणाले, "त्या दिवशी अस्सल म्हणाला ना, तेव्हा हे नाणं खरं म्हणून माझ्या हाती देणारे माझे वडील खोटारडे नव्हते, एवढंच मला कळलं. किती बरं वाटलं होतं! एवढ्यासाठी माणूस तोडायचा का, बाळ?"

ती चपला अडकवून धावतच निघाली.

दुकानावर नवी पाटी होती. शेजारचा घड्याळवाला म्हणाला, "ते होय? गेले की शहर सोडून. बरेच दिवस कोणाची तरी वाट बघत होते… तुम्ही त्यांच्या कोण?"

तिनं तोंड उघडलं, पण सांगण्यासारखं नातंच उरलं नव्हतं.

"ओळखीची," ती म्हणाली.