हेलसिंकी ते बँकॉक, दहा तास

फिनलंडच्या जंगलात बेरी वेचायचा हंगाम संपला, की थायलंडमधल्या चैयाफूमची माणसं हेलसिंकीहून घरची वाट धरतात. बुआलोईही निघाली होती, पण यंदा नवरा मांडीवरच्या डब्यात होता. थोंगसाई जंगलात बादली भरता भरता छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही.

"वाटभर बोलत राहा गं बाई," सासूने फोनवर बजावलं होतं. "जिना आला सांग, पूल आला सांग. मेलेल्याला वाट कळत नाही. चुकलीस तर माझं पोर तिथेच राहील."

बुआलोई लोकांची लाज न बाळगता बोलत होती. "अहो, जिना आला. अहो, विमानात चढतोय हं."

थोंगसाईला विमानाची भारी धास्ती. दर वर्षी बसल्या बसल्या विचारायचा, किती लांब, किती वेळ? आणि बरोबर तेवढ्या वेळाने बूट घालून दाराशी उभा. त्याचं परतीचं तिकीट आधीच काढलेलं होतं, म्हणून शेजारची जागा रिकामी होती. तिने तिथला पट्टा लावला आणि सवयीने म्हणाली, "आठ हजार किलोमीटर, दहा तास. झोपा आता." मग तिलाही झोप लागली. चार रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता बिचारीच्या.

खट्ट आवाजाने ती जागी झाली. शेजारचा पट्टा सुटला होता. घड्याळात बरोबर दहा तास झाले होते.

हवाईसुंदरी वाकून हळूच म्हणाली, "मावशी, यजमानांना दारापासून बोलवा ना. उतरायचं का, म्हणून विचारतायत..."

"मग उतरायचं नाही?"

"अजून तीन तास आहेत."

"परतीचं विमान यंदा लांबच्या वळशाने जातं," मागून मुकादम खामसिंगकाका म्हणाले. "सांगितलं तेव्हा तू घोरत होतीस."

ती धावली. दाराशी कोणी नव्हतं. गालिच्यावर रबरी बुटांचे दोन जांभळे ठसे होते, तोंड दाराकडे.

"आला का गं?" घरी सासूने डबा छातीशी धरून विचारलं.

"आला," बुआलोई म्हणाली. खोटं बोलताना तिला रडू फुटलं, पण म्हातारीला वाटलं, सून दुःखाने रडतेय.

पुढच्या हंगामाहून परतताना तिने शेजारच्या जागेचंही तिकीट काढून ती मुद्दाम रिकामी ठेवली आणि पापणी मिटली नाही. दहा तास भरले तशी दाराशी जाऊन कुजबुजली, "अहो, चूक माझी होती. या. अजून तीन तास आहेत, या वेळी नीट विचारून आलेय."

जागेवर येऊन बसली, तर शेजारचा पट्टा आपोआप लागला. खट्ट. ओल्या पानांचा वास आला. तिने हात जोडले, डोळे भरून आले. आला बाई एकदाचा!

तेवढ्यात हवाईसुंदरी आली. या वेळी दुसरीच मुलगी होती.

"मावशी, यजमान बसले ते बरं झालं," ती हळूच म्हणाली. "पण त्यांच्याबरोबर जे आत आले... त्यांची जागा कुठली?"