ओट्यावरचं ताट

"मॅडम, माझ्या आजाराचं नाव बदलून मिळेल का?"

रेकॉर्ड रूमच्या खिडकीत आजवर असं कुणी काही मागितलं नव्हतं. लोक जन्माचा दाखला मागायचे, फार तर एक्स-रे. मी मान वर केली. भुरभुर पावसात भिजलेले केस, प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं डिस्चार्ज कार्ड, आणि चेहरा इतका गंभीर की मला हसू आवरेना.

"का? आवडलं नाही नाव?"

"मला चालतंय हो… कंपनीला चालत नाही ना."

त्याचं नाव नवनाथ. शिरपूरकडचा, इथल्या आमली भागातल्या एका धाग्याच्या कंपनीत मशीनवर होता. सिल्वासातल्या आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात तो तापाने फणफणत, मान आखडून आला आणि ठणठणीत होऊन गेला. पण डॉक्टरांनी घाईघाईत कार्डावर नुसतं 'मेनिंजायटिस' लिहिलं होतं. सुपरवायझरने 'मेंदूज्वर! सगळ्यांना लागेल' म्हणत त्याला गेटवरूनच परत पाठवलं. खोलीतल्या सोबत्यांनी वळकटी बाहेर काढली, आणि खानावळवाल्या आक्काबाई त्याचं ताट ओट्यावर वाढू लागल्या. 'नको ती नोकरी, दसऱ्याला ये तो कायमचाच ये,' असा वडिलांचा निरोप होता.

मी त्याची फाइल काढली. हॉस्पिटलातून घरी गेलेल्या प्रत्येकाच्या आजाराला जाडजूड पुस्तकातला नंबर द्यायचा, हे माझं काम. नुसत्या मेनिंजायटिसला तीनशे बावीस, व्हायरल असेल तर शून्य सत्तेचाळीस. पाठीतून काढलेल्या पाण्याचा रिपोर्ट फाइलमध्येच होता. पाणी स्वच्छ, जंतू उगवलेले नाहीत. म्हणजे व्हायरसचा आजार, आपोआप बरा होणारा.

"मग टाका ना लिहून. एकच तर शब्द!"

"डॉक्टरांनी लिहायचं, आम्ही नंबर द्यायचा. मला वाटलं म्हणून मी लिहायला लागले, तर उद्या तुमच्या कार्डावर बाळंतपणसुद्धा येईल."

तो खळखळून हसला. "फार कडक आहात बुवा तुम्ही."

"आणि तुम्ही फार घाईचे. डॉक्टर रजेवर आहेत. सोमवारी या."

तो दुसऱ्याच दिवशी आला. "सोमवार विसरू नका, एवढंच सांगायला आलो," म्हणाला. तिसऱ्या दिवशी तेवढंही कारण नव्हतं… बाहेरच्या बाकावर बसून राहिला. काम नसलेला माणूस जाणार तरी कुठे, असं मी स्वतःला समजावलं. पण केस विंचरताना जरा जास्त वेळ लागतोय, हे घरी आबांच्याही लक्षात आलं होतं. आबा म्हणजे माझे वडील, इथल्या शाळेत शिक्षक, मूळचे मालवणचे. बघतात सगळं, बोलत नाहीत.

"मॅडम, तुमचं नाव तरी सांगा."

"कशाला?"

"तुम्हाला माझं वजन, रक्त, पाठीतलं पाणी, सगळं ठाऊक. मला नुसतं नावही नको?"

"…केतकी."

त्याने ते नाव हळूच एकदा म्हणून पाहिलं, आणि मी उगीचच फाइली चाळत बसले.

सोमवारी डॉक्टर आले. मी रिपोर्ट समोर ठेवताच ते कपाळाला हात लावून म्हणाले, "राहिलंच की!" त्यांनी 'व्हायरल' लिहून खाली तारीख घातली, सही केली. "पूर्ण बरा आहे. याच्यापासून कुणाला काही होणार नाही." मी जुना नंबर खोडला, नवा घातला. नवनाथ कागद घेऊन पळालाच. मला आनंद झाला, आणि लगेच वाईटही वाटलं. आता तो कशाला येईल?

रविवारी देवळातून परतताना तो आमलीच्या नाक्यावर भेटला.

"कामावर घेतलं?"

"घेतलं ना. दुसऱ्याच दिवशी." पण चेहऱ्यावर काही आनंद नव्हता. "पण माणसांत नाही घेतलं, मॅडम. सुपरवायझरने कागद वाचला. खानावळीत कोण वाचतंय? ताट अजून ओट्यावरच. मी ठरवलं… दसऱ्याला जातो, तो परत येत नाही."

 मला राग आला, त्याचा, खानावळीचा, सगळ्या आमलीचा.

"जेवलात?"

"आता चाललोय."

"चला, मी येते."

ओट्यावर आक्काबाईंनी ताट सरकवलं, हात लागू नये अशा बेताने. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत. आत वीसेक माणसं पंगतीला. नवनाथने खाली मान घालून दोन घास खाल्ले. मी चप्पल काढली, त्याच्याशेजारी मांडी घातली, आणि त्याच्या हातातली अर्धी भाकरी घेऊन भरताला लावली.

"अहो मॅडम… वेडी का काय तू! उष्टं आहे ते!"

मी घास तोंडात घातला. कोकणातल्या माणसाने ते तिखटजाळ भरीत खाऊ नये. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तरी दुसरा घास घेतला. आतलं जेवण थांबलं होतं.

आक्काबाई दारात आल्या. "पोरी, तुनं नाव काय शे?"

"केतकी. दवाखान्यात सगळ्यांचे आजार मीच लिहिते. याला काही असतं, तर जेवले असते का?"

"ते खरं व माय. पन नवऱ्याचं उष्टं बायको खाते, दुसरं कोनी नाही."

"माहीत आहे मला," मी म्हणाले.

नवनाथने माझ्याकडे पाहिलं. कान लाल, तोंडातला घास तसाच. "केतकी… घरी काय सांगशील?"

"हेच, की मला तू हवास. आणि तू शिरपूरला चाललास, तर मला घरी काही सांगायलाच नको."

"नाही जात," तो म्हणाला. "बापाला कळवतो. नाही जात."

आक्काबाईंनी पदराने डोळे टिपले की तिखट पुसलं, कोण जाणे. मग वाकून त्यांनी ते ताट आपल्या हातांनी उचललं आणि आत वळून पंगतीवर ओरडल्या, "चिंधा, सरक तिकडे! दोन मानसं बसनार शेत."

चिंधा सरकला.