सतरा दाण्यांची नथ

विश्वास ठेवा म्हणत नाही, ठेवणारही नाही कुणी! पण फ्रीगंजातल्या आल्हादनं गेल्या वर्षी एका रुसलेल्या हातानं एक मुलगी नखशिखांत दागिन्यांनी मढवली.

स्कूटरवरून पडून डोक्याला मार बसला, तेव्हापासून त्याचा उजवा हात रुसला होता. शब्दही घशात अडकत. व्यायाम करवून घ्यायला भार्गवी घरी यायची. पहिल्याच दिवशी तिनं त्याच्या धडधाकट डाव्या हातावर स्वयंपाकघरातला जाडजूड हातमोजा चढवला.

"याची छुट्टी. आता तो कामचोर काम करेल."

आल्हादची आत्या, अक्का, संक्रांतीसाठी नव्या सुनांचे हलव्याचे दागिने करायची. भार्गवीनं तीच परात पुढे ओढली. एकेक काटेरी दाणा चिमटीत धरायचा, खळ लावलेल्या पुठ्ठ्यावर बसवायचा. पहिल्या आठवड्यात इतके दाणे सांडले, की पार देवास गेट बसस्टँडवरच्या मुंग्या बस पकडून फ्रीगंजला आल्या!

"मुद्दाम पाडता तुम्ही," भार्गवी म्हणाली.

"तुम्ही… वाकून… वेचता ना."

"वा! बोलणं सुधारलं, नीयत बिघडली."

असं म्हणून तिनं त्याचं मनगट धरलं… आणि चिमटीतला दाणा पुन्हा सुटला.

मग एक दिवस ती म्हणाली, "संक्रांतीनंतर मी येणार नाही. इंदूरला नोकरी लागली."

आल्हादला एकच विचारायचं होतं. तोंडानं विचारावं, तर वाक्य पुरं होईतो ती इंदूरला पोचलेली असणार! म्हणून त्यानं सगळं हातावर सोपवलं. हार, बांगड्या, बाजूबंद, बिंदी… एकेक करून डब्यात साठत गेलं.

शेवटच्या दिवशी त्यानं डबा तिच्यापुढे सरकवला.

"हे तर नव्या सुनेला घालतात," ती हळूच म्हणाली.

"आमच्याकडे… सून… नाही. जागा… खाली आहे."

तिनं एक बांगडी मनगटावर चढवून पाहिली. मग म्हणाली, "इंदूरला रोज अप-डाउन केलं तर चालेल?"

डब्यात सगळं होतं, मंडळी! सतरा दाण्यांची नथसुद्धा. एकट्यानं, त्याच हातानं…

"खोटं!"

तिळगुळाचं ताट घेऊन फिरणारी भार्गवी माझ्यासमोर थबकली. सून म्हणून पहिलीच संक्रांत. काळी साडी, अंगावर तेच दागिने. "भय्यासाहेब, किती फेकता! नथ यांना जमलीच नव्हती."

"ती तर… अक्कानं…" आल्हाद म्हणाला.

"अक्कांनी नाही. मी करून ठेवली होती डब्यात. तुम्ही विचारायच्या दोन दिवस आधी."