डावीकडची रिकामी सीट

गाडीचा गिअर पडत नाही, ही काही भिण्यासारखी गोष्ट नव्हे. गाडी मिस्त्रीच्या हवाली करावी, समोरच्या टपरीवर चहा प्यावा आणि घरी जावं. भोकरची गीतांजली अशाच साध्या कामासाठी एका बुधवारी नांदेडला मलप्पा मिस्त्रीच्या गॅरेजात आली होती. सकाळचे दहा वाजले होते आणि ऊन चांगलंच तापलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

तिची तक्रार सरळ होती. गाडी पहिल्यात निघते, दुसऱ्यात पळते, पण तिसरा गिअर पडतच नाही. लिव्हर मधोमध येऊन थांबते आणि पुढे सरकत नाही.

दोन महिन्यांपूर्वी तिनं ही जुनी पांढरी गाडी घेतली ती आईसाठी. चांगुणाबाईंच्या किडन्या निकामी झालेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी सातला नांदेडच्या दवाखान्यात डायलिसिस. पहाटे पाचला आईला मागच्या सीटवर उशी देऊन आडवं करायचं आणि निघायचं. पण दुसऱ्या गिअरवर रडतखडत भोकरहून नांदेड गाठायला दोन तासांच्या वर लागायचे. उशीर झाला की मशीन पुढच्या पेशंटला जायची, आईचे चार तास अडीचवर यायचे आणि पाय सुजायचे. असं चालणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पुण्याचा भाऊ बालाजी फोनवर म्हणायचा, तुला चालवता येत नाही, विकून टाक. गीतांजली शिवणकाम करायची. पंधरा वर्षं तिचे पाय मशीनच्या पायट्यावर होते, पायाखालचं यंत्र काय बोलतं ते तिला कळायचं. गाडी विकणार नाही, एवढंच ती म्हणायची आणि फोन ठेवायची.

मलप्पा मूळचा देगलूरकडचा, गिअरबॉक्समध्ये आख्खं आयुष्य गेलेलं. त्यानं आधी इंजिन बंद ठेवून पाचही गिअर टाकून पाहिले. लोण्यासारखे पडले, म्हणजे लिव्हरच्या जोडण्या ठीक. मग इंजिन चालू करून पाहिले, तरी पडले. क्लचची केबल पाहिली, गिअर ऑइल काढून बोटांवर चोळून पाहिलं, पितळेचा कीस कुठे दिसेना. शेवटी ट्रायल. मलप्पाचा एक नेम होता: ट्रायलला मालकाला सोबत घ्यायचंच, म्हणजे आवाज दोघांनी ऐकला आणि पुढे वादच नको. कधी मिस्त्री चालवणार आणि मालक शेजारी, कधी मालक चालवणार आणि मिस्त्री शेजारी. ती चालवायला बसली, हा डावीकडे. तिसरा पडला. चौथा पडला. पाचव्यात गाडी बायपासला मस्त पळाली.

"ताई, गाडीत काय बी न्हाई. तुमच्या पायानं क्लच अर्धाच दाबला जाऊन राहिला," मलप्पा म्हणाला. गीतांजलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या वाटेवर अर्धापूरच्या अलीकडेच लिव्हर पुन्हा मधोमध अडकली. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, रस्ता मोकळा आणि गाडीत लवंगेचा बारीक वास. तो वास पहिल्या दिवसापासून होता. आधीच्या मालकानं काहीतरी सुगंधी ठेवलं असेल, असं समजून तिनं सोडून दिलं होतं.

ती तीनदा गॅरेजात गेली. तिसऱ्या वेळी मलप्पानं हट्टाला पेटून गिअरबॉक्स खाली उतरवला. पितळी रिंगा ठाकठीक, फोर्क सरळ. सगळं परत बसवलं, दोघं ट्रायलला गेले आणि गाडीनं पाचही गिअर खटाखट घेतले. मलप्पा हसला. गीतांजलीला मात्र हसू आलं नाही. शिलाई एकाच जागी तुटत असेल तर सुईकडे नव्हे, त्या जागेकडे बघायचं असतं. ती म्हणाली, "काका, मी एकटी असले की पडत न्हाई. आई मागं निजलेली असते, तवा बी न्हाई. डावीकडं कुणी बसलं की पडतो. तुम्ही एकटे जाऊन या बरं."

तीस वर्षांत मलप्पा एकटा ट्रायलला गेला नव्हता. मान हलवत, तिची टिंगल करत तो निघाला. पाच मिनिटांचा फेरा होता, त्याला वीस लागली. देगलूर नाक्याकडून गाडीचा आवाज आधी आला, दुसऱ्या गिअरमध्ये ताणलेला, रडल्यासारखा. मलप्पा उतरला आणि कुणाकडे न बघता नळाखाली डावा हात धूत राहिला. साबण लावून तीनदा धुतला.

"ताई... लिव्हरवर हात ठेवला ना... तर वरून अजून एक हात."

मग त्यानं डावीकडची चटई उचलली. खाली पत्र्यावर वेल्डिंगची दोन गोल ठिगळं होती. डाव्या बाजूला कधीकाळी क्लच-ब्रेकचा जादा जोड होता, म्हणजे गाडी शिकवणीच्या क्लासची. मलप्पाला सगळं आठवलं. विष्णुपुरीला कॉलेजच्या पोरापोरींना गाडी शिकवणारे भीमाशंकर सर. तोंडात कायम लवंग. शिकणाऱ्याच्या हातावर हात ठेवायचे, आणि त्यांनी 'हं' म्हटल्याशिवाय कुणी तिसरा गिअर टाकायचा नाही. टाकलाच तर तो हात तिथेच दाबून धरायचे. एके दिवशी शिकवता शिकवता याच सीटवर त्यांच्या छातीत कळ आली. चालवणारी पोरगी अठरा वर्षांची. तिनं गाडी दवाखान्यात नेली, पण सरांनी 'हं' म्हटलं नव्हतं म्हणून सगळा रस्ता दुसऱ्यावरच नेली. पोचली तेव्हा उशीर झाला होता.

"मी त्या सीटवर बसलो ना ताई... दरवेळी सीट गरम. म्हनलं ऊन असंल." मलप्पानं आवाज आणखी खाली आणला. "एक करा. आईला पुढं बसवत जा. सीट भरली की गप राहतंय ते. न्हाई तर विका."

"माझ्या आईला मी त्याच्या मांडीवर बसवू?" गीतांजली म्हणाली. तिला भीती वाटली होती, खोटं कशाला सांगू. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. एका मेलेल्या मास्तरानं आपल्या जित्या आईचे तास खावेत, हे तिला सहन होईना. तिनं किल्ली घेतली आणि निघून गेली.

त्या शनिवारी पहाटे चार वाजताच चांगुणाबाईंचा श्वास चढला. फुप्फुसात पाणी भरलेलं, बोलायला गेलं की घरघर. अँब्युलन्सचा फोन लागला, पण गाडी हिमायतनगरकडे गेलेली, तासभर तरी लागेल म्हणाले. गीतांजलीनं आईला मागच्या सीटवर उशांच्या आधारानं बसवलं, दोन्ही बाजूंनी गोधड्या खोचल्या आणि गाडी काढली.

भोकर मागे पडलं. बाहेर काळोख, दिव्यांच्या उजेडात फक्त पुढचा रस्ता. पहिला पडला, दुसरा पडला. लवंगेचा वास आज इतका दाट होता की डोळे चुरचुरले. तिनं क्लच पूर्ण दाबला, लिव्हर मधोमध आणली... आणि तिच्या बोटांवर तो हात आला. कोरडा, गरम, जड. मागे आईच्या दोन श्वासांमधलं अंतर लांबत चाललं होतं.

गीतांजलीनं डावीकडे पाहिलं नाही.

"सर," ती म्हणाली, "तुमच्या पोरीनं तुमचं ऐकलं. म्हणून तुम्ही गेलात."

हात हलला नाही.

"मी न्हाई ऐकणार. तुम्ही हं म्हणा, नका म्हणू. माझी आई मागं हाय... आन् ती मरणार न्हाई."

तिनं खांद्यापासून जोर लावला. मनगट कळवळलं, वरची बोटं तिच्या बोटांत रुतली. तरी ती रेटत राहिली, दात खाऊन, जाम झालेल्या शिलाई मशीनचं चाक रेटावं तशी. बारडच्या चढावर एकदम खट् झालं. तिसरा. गाडीनं उसळी घेतली. चौथ्याला तिनं विचारलंसुद्धा नाही.

पावणेसहाला ती दवाखान्याच्या दारात होती. आई वाचली. तुम्ही दहा मिनिटं उशिरा आला असता तर, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढचं त्यांनी गिळलं. गीतांजलीनं बाहेर येऊन डावा हात दिव्याखाली धरला. बोटांवर चार लालसर वळ होते. तिला रडू फुटलं, आणि रडता रडता ती हसलीही.

त्यानंतर गिअर कधी अडला नाही. उलट वेगळंच सुरू झालं. रात्री ती गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून लावायची. मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी पहाटे दार उघडावं तर लिव्हर तिसऱ्यात असायची. पहिल्यांदा ती दचकली. मग सवय झाली. न्यूट्रल करता करता ती म्हणायची, "निघालोच सर, दम धरा." मलप्पाला सांगितलं तेव्हा त्यानं कानाला हात लावले, पण ती मजेत होती. मास्तर शेवटी तिच्याकडून शिकला होता.

परवा रविवार होता. डायलिसिस नव्हतं. आई ओट्यावर बसून शेंगा सोलत होती, श्वास साफ, पायाला सूज नाही. गीतांजली गाडी पुसायला गेली तर लिव्हर तिसऱ्यात. तिनं न्यूट्रल केली. फडकं पिळून येईस्तोवर पुन्हा तिसऱ्यात.

"आज सुट्टी हाय, सर," ती म्हणाली आणि सवयीनं डावीकडच्या सीटवर हात ठेवला.

सीट थंड होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच थंड. तिनं मागचं दार उघडलं. आईची उशी जागेवर होती, मधोमध दबलेली. तिनं तळवा टेकवला, तर ती गरम लागली.

गीतांजली दार धरून उभी राहिली. ओट्यावरून शेंगा फुटण्याचा आवाज येत होता, एक, मग एक, मग एक.

"उतरा," ती म्हणाली. "ती जागा माझ्या आईची हाय."

उशी दबलेलीच राहिली. तिनं दार सताड उघडं ठेवलं, ओट्याच्या पायरीवर बसली आणि शेंगांचा आवाज मोजत राहिली. तो चालू होता तोवर आई ओट्यावर होती.