बिनकामाचा मंगळवार

तो खरं तर वरच्या मजल्यावरच्या आर्किटेक्टकडे निघाला होता. चुकून आमच्या दारात शिरला, लॅपटॉप उघडला आणि ग्राहकांची माहिती सांभाळणारं आपल्या कंपनीचं सॉफ्टवेअर पाऊण तास समजावत बसला. मी थांबवणार होते, पण आत्याने डोळ्यांनी दटावलं. तिला तसंही सॉफ्टवेअर हवंच होतं.

आमची एजन्सी तिघींची. घरोघरच्या म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या सोबतीला बायका पाठवतो. चारशे कुटुंबं, चारशे कार्डं, सगळी आत्याच्या अक्षरात. आता तिची नजर अधू होत चालली होती आणि सॉफ्टवेअर निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

दुसऱ्या खेपेला तो मुद्दाम आमच्याकडेच आला आणि नमुन्यादाखल दहा कार्डं मागितली. एकावर आत्याचा शेरा होता – ‘ऐकू येत नाही म्हणतात. येतं.’ तो हसला. पुढचं वाचलं – ‘मुलाचा विषय काढू नये. आधी बागेबद्दल विचारावं.’ त्याचं हसू थांबलं. एकेक कार्ड दोन्ही हातांनी धरून तो वाचत राहिला... आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्या कार्डांच्या खोक्यांवर मी चहाचे कप ठेवत आले होते.

मग आणखी एका कंपनीची बाई येऊन गेली. तिचं मी धड ऐकलंही नाही. माझं ठरलं होतं. याचं सॉफ्टवेअर घेतलं की वर्षभर, दर मंगळवारी, शिकवायला हाच येणार होता.

सही करायच्या दिवशी त्याने कराराचे कागद माझ्यापुढून मागे ओढले.

“हे घेऊ नका,” तो म्हणाला. “आमच्यात शेरे तिसऱ्या पानावर जातात. फोन वाजल्यावर बागेचं कुणाला आठवणार? त्या दुसऱ्या कंपनीचं घ्या. नाव दिसतं तिथेच शेरा दिसतो.”

“तुमचे साहेब काय म्हणतील?”

“ओरडतील.”

आपल्याच पायावर असा धोंडा मारून घेणारा विक्रेता मी पहिल्यांदाच पाहत होते. केवढा मोठा वाटला तो मला त्या क्षणी! पण माझे मंगळवार मात्र गेले.

“तिचं मी ऐकलंच नव्हतं,” मी म्हणाले. “ऐकायचंच नव्हतं. तुम्ही येत राहावं म्हणून...”

माझे कान तापले. तो कागदांच्या कडा जुळवू लागला.

“मलाही यायचं होतं,” तो हळूच म्हणाला. “म्हणून तर आठवडाभर गप्प बसलो. पण ती चारशे घरं –”

वाक्य अर्धंच राहिलं. आतल्या खोलीतून आत्या म्हणाली, “ताकाला जाऊन भांडं लपवू नका दोघं. मंगळवारी ये रे तू. काम नसलं तरी चालेल.”

मंगळवारी तो आला. काहीच समजावून सांगायचं नव्हतं, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्याला सुचेना. मी त्यातला एक माझ्या हातात घेतला.